दोन घुबडांचं कार्ड

लालबागच्या चौकात अमावास्येला कुणीतरी उतरून टाकलेलं लिंबू उचलून घरी आणलं, धुतलं, कापलं आणि सरबत करून प्यायली, अशी माझ्या आईची चाळीत ख्याती होती. एकटी प्यायली असती तर एक वेळ चाललं असतं. तिने ते मला आणि माझ्या भावाला, सम्यकला, गॅलरीत सगळ्यांसमोर उभं करून पाजलं. वर शेजारच्या तात्यांना विचारलं, "देऊ का तुम्हाला अर्धा पेला? साखर जरा जास्त झालीय." तात्या दार लावून आत गेले. आम्हाला काही झालं नाही. सम्यकला दुसऱ्या दिवशी खोकला झाला, पण तो त्याला बारमाही असायचाच.

आईचं नाव कौसल्या गमरे. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात, ती आयाबाई होती आणि तिथूनच रिटायर झाली. चाळ पाडून आता टॉवर झालाय. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, पण आई अजून चाळीतल्या गॅलरीत उभी असल्यासारखीच बोलते, खाली वॉचमनला ऐकू जातं. नव्या घरात आम्ही आलो तेही अमावास्येलाच, मुद्दाम. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, आज कोणी सामान हलवत नाही." आई म्हणाली, "म्हणून तर तू रिकामा सापडलास."

हे सगळं तिला शिकवलं आमच्या बाबांनी, रामजी गमऱ्यांनी. बाबा पालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि आमच्या विहाराचे सेक्रेटरी. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या, आणि त्याहून कठीण गोष्ट म्हणजे ते त्या पाळायचे. सम्यक तान्हा असताना आईने गुपचूप त्याच्या कमरेला काळा दोरा बांधला होता. बाबांनी तो दाढीच्या ब्लेडने कापला. मग गालाला साबण लावायला बसले. आई दिवसभर रडली म्हणे. त्यानंतर मात्र ती बाबांच्याही दोन पावलं पुढे गेली. मांजर आडवं गेलं तर बाबा आपले चालत राहायचे. आई मांजर दिसलं की वाट वाकडी करून स्वतः त्याला आडवी जायची.

बाबा गेले, पण त्यांचा दाढीचा पत्र्याचा डबा आईने कपाटात जपून ठेवलाय. ब्रश, रेझर, ब्लेडचं अर्धं पाकीट, सगळं जसंच्या तसं. त्या डब्याला आम्ही कुणी हात लावत नाही.

ओळखीच्या बायका आईला शंभर, पण मैत्रीण एकच. विल्मा डिमेलो. विल्मा आंटी गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतली, लाकडी जिन्याच्या घरात जन्मलेली आणि अजून तिथेच राहणारी. लग्न केलं नाही. आईच्याच वॉर्डात ती सिस्टर होती, म्हणजे हुद्द्याने आईच्या वर. पहिली काही वर्षं आई तिला 'सिस्टर' आणि 'तुम्ही' म्हणायची. मग दोघींना एकत्र रात्रपाळ्या लागल्या. एका डब्यातलं सुकट आणि भाकरी वाटून खाणाऱ्या बायकांमध्ये हुद्दा किती दिवस टिकणार? सिस्टरची विल्मा झाली. अजूनही आईचं तिच्याशी बिनसलं की ती पुन्हा 'सिस्टर' होते. घरातलं हवामान आम्ही त्यावरून ओळखतो.

त्या रात्रपाळ्यांची एक गोष्ट आई फार रंगवून सांगते. वॉर्डात मुलं झोपली की एकीने भिंतीला स्टूल टेकवून डुलकी काढायची आणि दुसरीने टक्क जागायचं. दोघींनी एकदम डोळे मिटायचे नाहीत, हा त्यांचा आपापसातला कायदा. एखादं मूल रडलं की जागी असलेली दुसरीच्या मनगटावर दोनदा थोपटायची आणि म्हणायची, "ऊठ गो, पोर रडतंय." ती सवय आईच्या अंगात अशी मुरलीय की आजही खालच्या मजल्यावर कुणाचं मूल रडलं, तर ती झोपेतच "आले, आले" म्हणत उठून बसते. मग तिला सांगावं लागतं, आई, तू घरी आहेस, ते पोर पाटलांचं आहे, त्याला त्याची आई आहे.

आता कार्डांबद्दल सांगते.

विल्मा आंटीला शुभेच्छाकार्डांचं वेड आहे. नाताळात तिच्या घरी खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधलेली असते आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत तशी कार्डं टांगलेली असतात. हल्ली कार्ड पाठवतं कोण? लोक मोबाइलवर एक गुलाब ढकलतात आणि मोकळे होतात. त्यामुळे तिच्या सुतळीवर अर्धी कार्डं जुनीच असतात, दरवर्षी पेटीतून काढून लावलेली. पण पाठवायचं तिने सोडलं नाही. पूर्वी तिची कार्डं सरळ असायची. मेणबत्ती, घंटा, बर्फात अडकलेलं घर. मग तिची भाची ओलिव्हिया फोर्टातल्या एका आर्ट गॅलरीच्या दुकानात नोकरीला लागली आणि तिथून कार्डांचे डबेच्या डबे गिरगावात येऊ लागले.

त्या कार्डांवर प्राणी असतात. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशातल्या चित्रकारांनी लाकडावर, लिनो नावाच्या मऊ लादीवर कोरून जे छाप काढले, त्यांच्या नकला. निळा घोडा. त्रिकोणी कोंबडी. एका बाजूला दोन्ही डोळे असलेला मासा. पाच रेघांत संपलेला बैल. ओलिव्हियाने मला एकदा समजावून सांगितलं, की त्या लोकांना प्राणी दिसतो तसा काढायचाच नव्हता, जाणवतो तसा काढायचा होता. मी ते आईला सांगितलं. आईने बैलाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग ह्या माणसाला बैल फार घाईत जाणवला."

कार्डाच्या आत काहीच छापलेलं नसतं, कोरंच. विल्मा आंटी त्यात फक्त 'विल्मा' लिहिते. जे सांगायचं ते तिने प्राणी निवडून सांगितलेलं असतं. बुद्ध पौर्णिमेला हत्ती आला होता. सम्यकच्या लग्नाला लांब पायांचे दोन बगळे. आई रिटायर झाली त्या दिवशी निळा घोडा, मान वर करून पळणारा.

आणि ह्या कार्डांची पोच देण्याची आईची स्वतःची रीत होती. कार्ड हातात पडलं की त्याच दिवशी विल्मा आंटीला फोन. आभार मानायला नाही, शिव्या घालायला.

"हॅलो, विल्मा? अगो, ह्या हत्तीची सोंड कुठली आणि शेपूट कुठली, ते सांग आधी. मघापासून उलटासुलटा करून बघतेय."

पलीकडून विल्मा आंटीचं हसू, मग खोकला, मग पाणी प्यायल्याचा आवाज.

"आणि हा घोडा निळा का? थंडी वाजतेय का त्याला? वॉर्डात असा निळा कोणी आला असता तर तू पळत ऑक्सिजन आणला असतास."

असं मनसोक्त झालं की फोन ठेवायचा आणि कार्ड सुतळीवर लावायचं. हो, आमच्याकडेही सुतळी आहे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या गजापासून पंख्याच्या बटणापर्यंत. पाहुणे विचारतात, ही काय लहान मुलांची चित्रं का? आई म्हणते, "नाही, मोठ्या माणसांची. लहान मुलं बरी काढतात."

कुणी दुसऱ्याने त्या चित्रांना नावं ठेवली तर मात्र तिला खपत नाही. नावं ठेवायचा हक्क फक्त तिचा.

तर हे असं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या घरात दीपिकाचे दिवस भरत आले आणि विल्मा आंटीचं घुबड आलं.

दीपिका माझी वहिनी, सम्यकची बायको. हिंदमाताला साड्यांच्या एका मोठ्या दुकानात हिशेब बघते, बोलायला गोड आणि रागवायला संथ. तिचे दिवस दोनदा राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा तिने आल्याआल्या भांडी घासायला घेतली, आणि आईने तिच्या हातातली काथ्याची घासणी काढून घेऊन तिला पोटाशी धरलं. दोघी कितीतरी वेळ मोरीपाशी तशाच उभ्या होत्या. म्हणून ह्या तिसऱ्या वेळी घरात सगळेच पाय न वाजवता चालत होते. आईने बाळासाठी एक लंगोट शिवला नाही. मी टोपी आणली तर म्हणाली, "ठेव ती तुझ्या ऑफिसात. आधी हातात येऊ दे." हे ऐकून मला तेव्हाच शंका यायला हवी होती. लिंबू प्यायलेली बाई टोपीला भिते?

आठव्या महिन्यात पोस्टाने पाकीट आलं, दीपिकाच्या नावाने. तिने उघडलं आणि ओरडली, "आई, बघा तरी, किती गोड!"

काळ्या रंगात छापलेली एक आडवी फांदी. तिच्यावर खेटून बसलेली दोन चौकोनी घुबडं. एकाचे डोळे बशीएवढे उघडे. दुसऱ्याचे मिटलेले, म्हणजे दोन आडव्या रेघा, आणि त्याचं डोकं पहिल्याच्या खांद्यावर कललेलं.

आईने कार्ड हातात घेतलं. मी वाट बघत होते, आता काय म्हणते. फोन चार्जिंगला होता तो मी काढूनसुद्धा दिला.

"एक झोपलंय," आई म्हणाली. बस, एवढंच. कार्ड दीपिकाला परत दिलं आणि कांदा चिरायला गेली.

त्या दिवशी फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आठवण केली तर म्हणाली, "सिस्टरना दुपारी झोपायची सवय आहे." सिस्टरना! माझे कान टवकारले.

दीपिकाने कार्ड आपल्या पलंगासमोर, कपाटाच्या आरशावर चिकटवलं. संध्याकाळी ते आरशाकडे तोंड करून लावलेलं होतं. दीपिकाने सरळ केलं. दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडरच्या मागे गेलं. मग म्हणे टेपने आरशाला डाग पडतात. मग ते दिसेनासंच झालं. दीपिका बिचारी पलंगाखाली शोधत बसली, पोटामुळे वाकताही येत नव्हतं, आणि आमची आई तिच्याबरोबर साळसूदपणे शोधत होती. "गेलं कुठे मेलं?" असंही वर म्हणाली. नाटकात असती तर बक्षीस मिळालं असतं.

मला ते सापडलं बाबांच्या दाढीच्या डब्यात. दीपिकाचे जुने रिपोर्ट शोधायला कपाट उपसलं होतं. डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं म्हणून उघडलं, तर रेझरच्या खाली दोन घुबडं.

दीपिका डॉक्टरकडे गेली होती. मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे काय?"

"कार्ड."

"बाबांच्या डब्यात?"

"उन्हाने रंग उडत होता त्याचा."

"त्याला रंगच नाही. काळं-पांढरं आहे."

आई गॅस बारीक करत राहिली. आधीच बारीक होता.

मला राग आला, आणि माझा राग आईवरच गेलाय, तोही मोठ्याने बोलतो. त्या लिंबाच्या सरबतानंतर शाळेत महिनाभर माझ्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. हिला बाधा झालीय म्हणायच्या पोरी. मी ते सोसलं, कारण माझी आई कुणाला भीत नव्हती. आणि आता तीच आई कागदावरच्या घुबडाला रेझरखाली कोंडून ठेवते? मी हे सगळं बोलले. चौदाव्या मजल्यावरून वॉचमनला ऐकू गेलं असेल.

आईने गॅस बंद केला आणि खाली पाटावर बसली.

"माझ्यावर यायचं होतं तेव्हा मी प्यायले गो. तुम्ही माझी, म्हणून तुम्हाला पाजलं," ती म्हणाली. "ही दुसऱ्याची पोर आहे. दोनदा रिकाम्या हातांनी ह्या घरात आली. तिच्यावर कशी पैज लावू मी?"

"कसली पैज? घुबडाने काय होतं?"

"काही होत नाही. मला माहीत आहे." मग म्हणाली, "सम्यकच्या आधी माझं एक गेलं होतं. गावाला. त्या आठवड्यात फणसावर रोज घुबड ओरडायचं. माझी आजी म्हणाली, ते घेऊन जाणार. तुझे बाबा म्हणाले, घुबड कुठलं घेऊन जातंय, दवाखाना लांब होता म्हणून गेलं. ते मला पटलं. पटलं म्हणूनच तर हॉस्पिटलात नोकरी धरली. पण पटलं तरी ते ओरडणं ऐकू येतंच ना, प्रिती."

माझा राग गेला कुठल्या कुठे. मी तिच्याजवळ बसले. आईचं एक मूल गेलं होतं हे मला ऐकून माहीत होतं. ते अजून तिच्या कानात आहे हे माहीत नव्हतं.

"पण बाबांच्या डब्यात का?"

आई लाजली. खरंच लाजली. "त्या ब्लेडने दोरा कापला होता त्यांनी. म्हटलं, ह्यांच्या ताब्यात असलं की काही करणार नाही."

म्हणजे बघा. बाबांनी जन्मभर जिच्या डोक्यातून ताईत-गंडे काढले, त्या बाईने शेवटी बाबांच्या रेझरचाच ताईत केला. बाबा असते तर त्यांना हसावं की रडावं कळलं नसतं. मला तर दोन्ही येत होतं.

"मग विल्मा आंटीला सांग ना सरळ."

"काय सांगू? कौसल्या गमरे घुबडाला भ्याली? आणि तिने प्रेमाने पाठवलेलं." आईने पदराने तोंड पुसलं. "खोटी शिवी घालायला गेले तर तिला कळेल. आवाजावरून कळतं तिला सगळं. त्यापेक्षा मूल सुखरूप हातात आलं की करीन फोन."

पण त्याआधीच विल्मा आंटीचा मला फोन आला. मी दादरला ऑफिसात होते.

"काय गो प्रिती, माझा कार्ड मिळाला नाय का?"

"मिळालं आंटी, मिळालं. दीपिकाला खूप आवडलं."

"दीपिकाला आवडला. आणि तुझ्या आईला?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आंटी म्हणाली, "इतक्या वर्षांत तिची शिवी आली नाय असं झालं नव्हतं गो. ओलिव्हियाला सांगून सांगून तो एक कार्ड मी शोधून आणवला. मला वाटलं, तो बघून कौसल्या सगळ्यात जास्ती हसंल." मग म्हणाली, "जाऊ दे. तिला बरं नसंल. मी परत नाय विचारणार."

तिने फोन ठेवला. दोघी सत्तरीला टेकलेल्या. एक घाबरून गप्प, दुसरी दुखावून गप्प. अशा वयात गप्प बसलेली माणसं परत बोलती व्हायला वेळ लागतो, आणि वेळ तरी किती असतो त्यांच्याकडे?

दीपिकाला दिवस भरायच्या आधीच न्यावं लागलं. रक्तदाब चढला होता. आईने हट्टाने तिला आपल्याच जुन्या हॉस्पिटलात भरती केलं. "तिथल्या भिंती माझ्या ओळखीच्या आहेत," म्हणाली. दोन दिवस डॉक्टरांनी वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन ठरवलं. हे दोन दिवस आई बाहेरच्या बाकावरून हलली नव्हती. मी म्हटलं झोप, सम्यकने म्हटलं झोप. ती म्हणायची, "मिटले डोळे की ऐकू येतं." तिचे डोळे लाल झाले होते, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. मला वाटलं, पिशवीत रिपोर्ट असतील.

दीपिकाला आत नेलं आणि सम्यक रक्ताच्या बाटलीची सोय बघायला खाली गेला. मी कोपऱ्यात जाऊन विल्मा आंटीला फोन केला. आईला न विचारता.

ती टॅक्सी करून आली. गुडघे गेलेत तिचे, काठी टेकत टेकत लांबलचक पॅसेजमधून येताना दिसली. आईने तिला पाहिलं आणि ताठ बसली.

"सिस्टर, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

विल्मा आंटी बाकावर बसली, काठी बाजूला ठेवली. "मला सिस्टर म्हणायचा काय झाला, तो सांग आधी. मग मी जाते."

आईने पिशवी मांडीवर आणखी घट्ट धरली. मग एकदम तिचा बांध फुटला. "विल्मा, माझ्या सुनेला घुबड का गो पाठवलंस? दुसरं काही नव्हतं? कोंबडी नव्हती? तो पाच रेघांचा बैलसुद्धा चालला असता मला!"

विल्मा आंटी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "तू घुबडाला भितेस?"

"हो."

"तू? लिंबू प्यायलेली?"

"हो, हो, भिते. सांग आता सगळ्या गिरगावाला."

"अगो, घुबड वाईट मानतात ते मला काय ठाऊक नाय? माझी आई घुबड ओरडला की चुलीत मीठ टाकायची. दुसऱ्या कोणाला पाठवला असता का मी?" विल्मा आंटीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "सगळ्या मुंबईत एका बाईला घुबड पाठवता येतो, असं मी समजत होते. कुठे हाय तो कार्ड? फाडलास?"

आईने पिशवीत हात घातला आणि बाबांचा दाढीचा डबा काढला. मी कपाळावर हात मारला. हॉस्पिटलात आणला होता! तिने झाकण उघडून रेझर बाजूला केला आणि कार्ड विल्मा आंटीच्या हातात दिलं. विल्मा आंटीने डबा ओळखला असावा. तिने सरळ कार्ड आईच्या डोळ्यांसमोर धरलं.

"बघ नीट. ही घुबडं नायत गो. आपण दोघी हाव. आपला तो मोठा डॉक्टर राऊंडला आला की काय बोलायचा? ह्या वॉर्डातल्या पोरांची मला काळजी नाही, दोन घुबडं बसवलीयत मी. विसरलीस?"

आई कार्डाकडे बघत राहिली. एक जागं, एक झोपलेलं, खांद्यावर डोकं.

"किती पोरं घरी पाठवली आपण," विल्मा आंटी म्हणाली. "मला वाटला, दीपिकाच्या पोरावर पण ह्या दोघींचीच नजर असू दे. दुसऱ्या कोणाची नको."

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ते पुसत नव्हती. मग नाक ओढून म्हणाली, "ह्यातली झोपलेली कोण?"

"तूच. आणि कोण? बसली की घोरायचीस."

"मी घोरायचे? तुझ्या घोरण्याने सलाईन थांबायचं."

विल्मा आंटी हसली, मग खोकली. मी पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन तिने आईचे लाल डोळे बघितले. कार्ड डब्यात ठेवलं, डबा मिटला आणि बाकावर जरा सरकून भिंतीला पाठ टेकली.

"नीज आता. मी जागते."

दोन दिवस आम्ही तिला झोप म्हणून विनवत होतो. तिने आमचं ऐकलं नाही. विल्मा आंटीने एकदा सांगितलं आणि आईने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि बघता बघता तिचं घोरणं सुरू झालं. पॅसेजमधून माणसं जात होती, ट्रॉल्या जात होत्या, कुणीतरी मोठ्याने वॉर्डबॉयला हाक मारत होतं. विल्मा आंटी हलली नाही. चष्म्याआडून तिचे डोळे ऑपरेशन थिएटरच्या दारावर लागले होते, ते तिने मिटले नाहीत.

मग दार उघडलं. हिरव्या कपड्यातली एक तरुण सिस्टर हातात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली, आणि ते काहीतरी कळवळून रडत होतं. "गमरे कोण? आई बरी आहे, मुलगी आहे!"

मी उठले. विल्मा आंटीने मला हातानेच थांबवलं. आईच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

"ऊठ गो, पोर रडतंय."

"आले, आले," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. उठली, पदर खोचला, हात पुढे केले आणि झोपेतच सराईतपणे चालू लागली. दोन पावलांवर तिचे डोळे उघडले. समोर बाळ होतं. ती जागच्या जागी थांबली आणि वळून बघितलं.

"विल्मा, हे कोणाचं?"

"आपलं हाय. घे."

आईने बाळ घेतलं. दुपट्याचा कोपरा बाजूला करून तिने ते लाल, सुरकुतलेलं, चेपलेलं तोंड ह्या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. इतकं बघितलं की त्या सिस्टरला वाटलं, काही चुकलं की काय. आईच्या गालांवरून पाणी वाहतच होतं.

"अगो विल्मा," ती अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिचं नाक कुठलं आणि हनुवटी कुठली, ते सांग आधी!"

बाकावर विल्मा आंटी हसायला लागली, मग खोकला, मग मी पुन्हा पाणी दिलं. राहून गेलेली पोच तिला मिळाली होती.